आखाडा ते संसद

कुस्तीचे मैदान आणि निवडणुकीचे रण या दोहोंना मराठीने 'आखाडा' हा एकच शब्द दिला आहे. मुळशी तालुक्यातील मुठे गावचे आणि कोल्हापूरच्या तालमीत घडलेले मुरलीधर मोहोळ पुण्याचे महापौर झाले. पुढे २०२४ मध्ये येथूनच लोकसभेवर निवडून येऊन केंद्रात सहकार व नागरी विमान वाहतूक खात्यांचे राज्यमंत्री झाले. हा प्रवास केवळ पुण्यापुरता नाही. अथेन्स ऑलिंपिकमध्ये ज्युदोत कांस्यपदक मिळविणारे दिमित्री नोसोव २०११ मध्ये रशियाच्या संसदेत गेले. कुस्तीगीर विनेश फोगाट २०२४ मध्ये हरियाणाच्या विधानसभेत पोहोचल्या.

याची कारणे अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही तपासण्याजोगी आहेत. मल्लाची उमेदीची वर्षे थोडी आणि खुराकाचा खर्च मोठा. दूध, तूप, बदाम यांत शेतकरी कुटुंबाची मिळकत वर्षानुवर्षे ओतली जाते; परंतु तिशी ओलांडली की तिचा परतावा थांबतो. मागे उरते ती कीर्ती. या एकमेव भांडवलाला जेथे भाव मिळतो, त्या बाजारांत राजकारण अग्रभागी आहे.

शिवाय मल्लविद्या आश्रयावाचून जगलेली नाही. शाहू महाराजांच्या काळी हा आश्रय दरबाराचा होता. संस्थाने विलीन झाल्यावर तो पुढाऱ्यांकडे आणि मल्लांना मानधन देणाऱ्या काही सहकारी साखर कारखान्यांकडे आला. फडावर इनाम देणारा आणि व्यासपीठावर मते मागणारा पुष्कळदा एकच असे. त्याच्या शेजारी बसलेल्या पैलवानास पुढे स्वतःच उमेदवार व्हावेसे वाटले, तर त्यात नवल नाही.

मात्र कीर्ती आणि कर्तृत्व यांत मतदार फरक करतो. दोनदा 'महाराष्ट्र केसरी' ठरलेले चंद्रहार पाटील २०२४ मध्ये सांगलीत लोकसभेला उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. गदा मिळाली म्हणून मते मिळतातच, असे नाही.

आणि ज्यांना गदाही मिळाली नाही व उमेदवारीही नाही, त्यांचे काय? १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांनी पोलीस खात्यात नोकरी केली. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. जेथे विजेत्याची ही कथा, तेथे तालमीतून रिकाम्या हाताने गावी परतणाऱ्या शेकडो तरुणांची गणती कोण करणार?

म्हणूनच एखादा मल्ल मंत्री झाला याचा अभिमान जरूर बाळगावा, पण तेवढ्यावर थांबू नये. खुराकाबरोबर शिक्षण, दुखापतीसाठी विमा आणि कुस्ती सुटल्यावर उपजीविकेचे साधन, या तीन गोष्टींची तरतूद झाली पाहिजे. लाल मातीतून सत्तेवर गेलेल्यांना ही गरज इतरांनी समजावून सांगावी लागू नये. त्यांच्या कारकिर्दीचे मोजमाप करताना मताधिक्याइतकाच हा हिशेबही मांडला गेला पाहिजे.