मखमली सोफ्यावर बसायचे कोणी?

लाखनी हे भंडारा आणि साकोली यांच्या मधले, महामार्गावरचे गाव. नागपूरची बाजारपेठ इथून ऐंशीएक किलोमीटर. त्यामुळे नागपुरात जी फॅशन येते ती टेम्पोत बसून लवकरच लाखनीलाही पोहोचते. सध्या मखमली सोफ्याची हौस आहे. साधा तीन माणसांचा सोफा नव्हे, तर कोपऱ्यात एल आकारात मांडायचा, सुट्या भागांचा. रंग मोरपंखी, मोहरीसारखा पिवळा नाहीतर गर्द मरून. पाठीला गुंड्या ओढून पाडलेल्या खळ्या, खाली बारीक निमुळते लाकडी पाय. जुन्या हिंदी चित्रपटांत श्रीमंताच्या बंगल्यात दिसायचा तसाच. दुकानदार त्याला 'रेट्रो' म्हणतात, म्हणजे जुनी चाल आणि नवा माल.

आता गंमत पाहा. ज्यांच्या घरात असा सोफा कधी नव्हताच, त्यांच्यासाठी तो 'जुना' कसा? आपल्या आजोबांच्या घरी बाज होती, गोणपाट होते, आणि पाहुणा आला तर पेटीतून सतरंजी निघायची. जुने दिवस परत आणायचे म्हटले तर आपल्या वाट्याला गोणपाटच येईल.

'सोफा' हा शब्द मूळ अरबी. गालिचे अंथरलेला बसण्याचा ओटा, असा त्याचा अर्थ. आणि गावच्या ओट्यावर कोणी बसावे व कोणी खाली उभे राहावे, हे आपल्या माणसांना कोणी शब्दकोशातून शिकवले नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातला २८१ वा श्लोक सांगतो की, वरच्या वर्णाच्या माणसासोबत त्याच्याच आसनावर बसू पाहणाऱ्या खालच्या माणसाच्या कमरेवर डाग देऊन त्याला हद्दपार करावे किंवा त्याचा नितंब कापावा. बसण्यासाठी एवढी शिक्षा! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ही पोथी जाळली गेली, तेव्हा त्या आगीत हा श्लोकही जळाला. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, साताऱ्याच्या शाळेत त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शाळेचा नोकर त्या तुकड्याला हात लावत नसे. म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा.

म्हणून आपल्या माणसाने पै-पै जोडून मखमलीचा सोफा घेतला तर त्याला नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. हौस करावी. प्रश्न घेतल्यानंतरचा आहे. सोफा येतो आणि त्यावरचे प्लास्टिक सहा महिने निघत नाही. प्लास्टिक निघते तर चादर चढते. मुलांना दटावले जाते, "पाय खाली!" आजी सोफ्याला पाठ टेकून खाली फरशीवर बसते. सून चहाचा ट्रे घेऊन उभी राहते. आणि साहेब किंवा सोयरे आले की चादर निघून मखमल उघडी होते. ज्यांनी पैसे भरले ते खाली, जे दोन घटका आले ते वर. बाहेरच्या कोणी सांगितले नसताना आपल्याच घरात आपण हा जुना नियम का चालवायचा?

यात दोष केवळ मनाचा नाही, वस्तूचाही आहे. जी वस्तू वापरली की खराब होईल अशी भीती वाटते तिच्यावर कोणी निवांत बसत नाही. तेव्हा घेण्याआधीच विचार केलेला बरा.

पहिली गोष्ट जागेची. घरकुल योजनेतले घर २६९ चौरस फुटांचे असते. आठ फूट बाय सहा फूट अशा दोन बाजूंचा आणि तीन फूट खोलीचा एल सोफा तेहतीस चौरस फूट जागा खातो. म्हणजे घराचा आठवा हिस्सा! त्याच घरात धानाची पोती, मुलांचा अभ्यास आणि रात्रीची अंथरुणे मावायची आहेत. अशा घरात पूर्ण एल घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र सुट्या भागांचा सोफा असेल तर दोनच भाग घेता येतात. अरुंद बोळीतून आणि लहान दारातून ते एकेक करून आत जातात. घरी नामकरण असो की पुण्यानुमोदन, भाग वेगळे करून भिंतीला लावले की मधे सतरंजी अंथरायला जागा होते. भाग एकमेकांत अडकवणाऱ्या कड्या लोखंडी आणि मजबूत आहेत ना, हे दुकानातच हलवून पाहावे.

किंमत विचारण्याआधी आत काय आहे ते विचारा. वरच्या मखमलीला सगळे हात लावून पाहतात. पण सोफा बसतो तो फोममुळे आणि मोडतो तो सांगाड्यामुळे. फोमची 'डेन्सिटी' म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोतले वजन. ३२ पेक्षा ४० चा फोम सहसा जास्त दिवस टिकतो. सांगाडा भुशाच्या दाबलेल्या पाटीचा असेल तर रोज फरशी पुसताना लागलेल्या पाण्याने तो फुगतो. आपल्या जिल्ह्यात सागवानाची जंगले आहेत आणि हाताला कसब असलेले सुतारही आहेत. सांगाडा गावच्या सुताराकडून करून घेतला तर पुढे पाय मोडल्यावर दुरुस्त करणारा माणूसही गावातच राहतो.

आता मखमल. करघ्यावर दोन कापडे समोरासमोर विणतात आणि दोन्हींना जोडणारे धागे मधून कापतात. त्या कापलेल्या धाग्यांची उभी लव म्हणजे मखमल. लव एका बाजूला झुकलेली असते. म्हणून हात एका दिशेने फिरवला तर रंग उजळ दिसतो आणि उलट फिरवला तर गडद. बसून उठल्यावर जो डाग दिसतो तो बऱ्याच वेळा डाग नसतोच, लव दबलेली असते. मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झाडले की जातो. पोरांना रागावण्याआधी एवढे करून पाहावे.

स्वस्त सोफ्यांची मखमल सहसा पॉलिस्टरची असते. पाणी सांडले तर वरचे कापड लवकर वाळते, पण खालच्या फोममध्ये ओल राहते. भंडारा जिल्ह्यात वर्षाला १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा हवेत प्लास्टिक घातलेल्या सोफ्याला आतून बुरशी येते. प्लास्टिक सोफा वाचवत नाही, कुजवते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे गेला की कूलरची ओली हवा थेट सोफ्यावर येऊ देऊ नये. त्या दिवसांत पॉलिस्टर अंगाला चिकटतेही. वर सुती जुनेर किंवा गोधडी घातली तर बसणाऱ्याला बरे वाटते आणि डोक्याच्या तेलाचे डागही तिच्यावरच पडतात. वरणाची हळद सांडली तर चोळू नये. ओल्या फडक्याने टिपावे, साबणाचे पाणी लावून पुन्हा टिपावे. हळदीचा रंग उन्हात उडतो हे खरे, पण त्याबरोबर मखमलीचाही उडतो.

मळणीच्या दिवसांत तुसाचे कण लवेत जाऊन बसतात, आणि जिथे धान तिथे उंदीर. सोफ्याच्या बुडाला लावलेले पातळ कापड फाटले तर आतल्या फोममध्ये घर करायला त्याला वेळ लागत नाही. या नव्या-जुन्या चालीच्या सोफ्याचा एक गुण इथे कामी येतो. पाय उंच असल्याने खाली झाडू जातो आणि उंदराला लपायला आडोसा मिळत नाही.

एक धोका मात्र ठळक सांगायला हवा. पॉलियुरेथेन हा पदार्थ जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधला, त्याचाच आजचा फोम. तो पेटला तर झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आपल्याकडे वंदनेची जागा बहुधा बैठकीच्याच खोलीत असते. मेणबत्ती, अगरबत्ती सोफ्याच्या वरच्या फळीवर ठेवू नये. डासांची कॉइल सोफ्याखाली सारण्याची सवय तर आजच सोडावी.

हे सगळे झाडणे-टिपणे कोणी करायचे? "घरची बाई आहे ना" असे म्हणणाऱ्याने सोफा घेऊच नये. तीन वेळचा स्वयंपाक आणि रोवणी-निंदणीची मजुरी करून आलेल्या बाईला आणखी एक धनी कशाला? ब्रश मारायला दहा वर्षांचे पोरही पुरेसे आहे, आणि त्याच्या बापालाही हात आहेत.

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत, त्यांत त्यांचे कपडेही आहेत. ते कापड जपायलाच हवे, पुढच्या पिढ्यांनी पाहायला हवे. आपल्या घरातला सोफा म्हणजे संग्रहालय नव्हे. तो झिजला तर झिजला. सांगाडा चांगला असेल तर नवे कापड चढवता येते.

म्हाताऱ्या माणसांसाठी एक सूचना. हे सोफे बुटके आणि खोल असतात. गुडघे दुखणाऱ्याला बसता येते, उठता येत नाही. बैठक जमिनीपासून सतरा-अठरा इंच उंच हवी. सोफ्याच्या एका भागात कडक फोम भरून घ्यावा, पाठीला उशी द्यावी आणि तो भाग हात टेकायच्या बाजूला ठेवावा. ती आजीची जागा.

वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, अनेक घरांतल्या वडीलधाऱ्या स्त्रिया उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेतात. उंच आणि ऐषआरामी आसनापासून दूर राहणे हे त्यांतले एक शील. त्या दिवशी आजी चटईवर बसली तर "वर बस" असा आग्रह धरू नये. ते तिने स्वतःहून घेतलेले आहे, कोणी लादलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिची जागा मोकळी असावी, आणि नातवाने तिथे दप्तर टाकले असेल तर त्याने ते उचलून घ्यावे.