आभा कार्ड काढलं. पण नोंदी कुठे आहेत?

रुग्णालयात बिलाच्या खिडकीवर आभा कार्ड पुढे करून 'यावर किती माफ होतील?' असं विचारणारे नातेवाईक आजही भेटतात. उत्तर असं की एक रुपयाही नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं कार्ड वेगळं. ते आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचं, जिला महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची जोड आहे. आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) हा फक्त १४ आकडी क्रमांक आहे, रुग्णाच्या नोंदी ओळखण्यासाठी दिलेला. दोन्हींच्या नावांत 'आयुष्मान', दोन्ही चालवणारं राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणही एकच. तेव्हा या गोंधळाचा ठपका लोकांवर ठेवण्यात अर्थ नाही.

आभा ज्या डिजिटल आरोग्य मोहिमेचा भाग आहे, तिची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत चाचणी झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ती देशभर लागू झाली. आजवर ७० कोटींहून अधिक आभा क्रमांक निघाले आहेत. हा आकडा वाचून 'म्हणजे ७० कोटी लोकांच्या आरोग्याच्या नोंदी आता डिजिटल झाल्या' असं वाटतं, आणि नेमका इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

क्रमांक मिळणं म्हणजे बँकेत खातं उघडणं. त्यात रक्कम कोणीतरी भरावी लागते. डॉक्टरांनी चिठ्ठी कागदावर लिहिली, तर ती तुमच्या मोबाइलवर येणार कुठून? रुग्णालयात या मोहिमेशी जोडलेली संगणक प्रणाली हवी, डॉक्टरांनी किंवा त्यांच्या सहायकाने तपशील त्यात भरायला हवा आणि ती नोंद तुमच्या क्रमांकाशी जोडायला हवी. यातली एक पायरी जरी गळली तरी आभा ॲप रिकामं दिसतं. गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाला मिळतात मोजकी मिनिटं. त्यात तपासायचं की टाइप करायचं, हा डॉक्टरांचा प्रश्न खरा आहे. म्हणून केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून प्रोत्साहन योजना आणली. नोंदी जोडणाऱ्या रुग्णालयांना, प्रयोगशाळांना आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना तिच्यात कमाल ४ कोटी रुपयांपर्यंत देऊ करण्यात आले. नोंदींची संख्या त्याने वाढेल. त्या उपयोगी असतील की नाही, हे पैशाने ठरत नाही.

उपयोगी म्हणजे काय, ते एका साध्या रिपोर्टवर बघू. एक लॅब 'एचबी' छापते, दुसरी 'हिमोग्लोबिन', तिसरी 'एचजीबी'. माणसाला तिन्ही एकच वाटतात. संगणकाला तीन वेगळ्या तपासण्या. म्हणून 'लॉइंक' नावाच्या आंतरराष्ट्रीय सूचीत प्रत्येक तपासणीला क्रमांक दिलेला असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आहे ७१८-७. लॅबने हा क्रमांक वापरला, तर गरोदर बाईचं हिमोग्लोबिन चौथ्या महिन्यात किती होतं आणि सातव्यात किती उतरलं, हे दुसऱ्या गावच्या डॉक्टरला एका रेषेत दिसतं. नाही वापरला, तर हाती राहतो मोबाइलने काढलेला रिपोर्टचा फोटो. तो पिशवीतून गहाळ होत नाही, एवढाच फायदा. भारताने अशी मानकं २०१३ मध्येच जाहीर केली, २०१६ मध्ये ती सुधारली. तरीही 'आमचं हॉस्पिटल पूर्ण कॉम्प्युटराइज्ड आहे' असं सांगणाऱ्या कित्येक ठिकाणी संगणकावर असतं ते फक्त बिल. केस पेपर असतो पेनाने लिहिलेला.

एक भीतीही वारंवार ऐकू येते, 'माझे सगळे आजार दिल्लीतल्या एका सर्व्हरवर जमा होणार.' रचना तशी नाही. नोंद जिथे तयार झाली, त्या रुग्णालयात किंवा लॅबमध्येच ती राहते. दुसऱ्या डॉक्टरला ती हवी असेल तर तुमच्या मोबाइलवर विनंती येते. कोणाला हवी, कशासाठी, कोणत्या काळातल्या कोणत्या नोंदी आणि किती दिवसांसाठी, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. तुम्ही ती मान्य करू शकता, नाकारू शकता, दिलेली संमती मागेही घेऊ शकता. ओपीडीत नोंदणीच्या खिडकीजवळचा क्यूआर कोड स्कॅन केला की नाव, वय, लिंग, पत्ता अशी ओळखीची माहितीच पुढे जाते आणि टोकन मिळतं. जुनी फाईल उघडत नाही.

म्हणजे सगळं सुरक्षित, असं मात्र नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयात कित्येक दिवस नोंदणीपासून रिपोर्टपर्यंत सारं हाताने चाललं. संगणकांच्या जाळ्याची विभागणी नीट नव्हती, असं कारण नंतर संसदेत सांगण्यात आलं. हल्ला झाला तो रुग्णालयाच्याच सर्व्हरवर. नोंदी जिथल्या तिथे राहणार, याचा अर्थ त्या जपायची जबाबदारीही तिथल्या तिथेच. एम्सची ही गत, तर तालुक्याच्या वीस खाटांच्या रुग्णालयात पासवर्ड कुठे चिकटवलेला असतो, याची चिंता दिल्लीच्या सर्व्हरपेक्षा जास्त करावी.

आभा सक्तीचं आहे का? नाही. ते नसलं म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि काढलेला क्रमांक बंदही करता येतो. मात्र अनेकांना तो न मागता मिळाला. कोविड लसीच्या प्रमाणपत्रावर 'यूएचआयडी' या ओळीपुढे आकडे असतील, तर आधार दाखवून लस घेताना तुमचाही निघाला असण्याची शक्यता आहे. त्या वेळी लोकांना नीट विचारलं गेलं नाही, आणि आजचा अविश्वास त्यातूनच आला आहे, असं माझं मत आहे.

'योजना केंद्राची, राज्याचा काय संबंध?' असंही विचारलं जातं. घटनेप्रमाणे सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्यांचा विषय आहे. सिव्हिल हॉस्पिटल राज्याचं, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, शहरातले दवाखाने महापालिकेचे. संगणक, ऑपरेटर आणि इंटरनेट पुरवायचं यांनीच. दिल्ली मानकं ठरवते, मधला मार्ग बांधते. त्यावरून नोंद धावते की नाही, हे राज्य ठरवतं.

गोव्याच्या हद्दीजवळच्या सावंतवाडी-दोडामार्गकडे हे चटकन समजेल. तिथला गंभीर रुग्ण कितीदा तरी गोव्याला, बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यावा लागतो. प्राथमिक उपचार महाराष्ट्राच्या रुग्णालयात, शस्त्रक्रिया गोव्याच्या, आणि नंतरची पट्टी पुन्हा गावात. हद्द ओलांडणारी फाईल कागदाची असते, नातेवाइकांच्या हातातल्या पिशवीत. ऊस तोडायला बीडहून सांगली-कोल्हापूरकडे गेलेल्या बाईच्या तपासण्यांची गत याहून वेगळी नाही. महाराष्ट्राने आणि गोव्याने किती लाख आभा काढले यापेक्षा, बांबोळीत बसलेल्या डॉक्टरला सावंतवाडीचा रिपोर्ट दिसतो का, हे मोजलं पाहिजे.

तोवर रुग्णाच्या हातात जुनाच एक हक्क आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षं जपायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्यावर त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. आभा असो वा नसो, डिस्चार्ज घेताना लेखी अर्ज करून त्या मागून घ्या.