संगणकाचा पत्ता

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकास जाळ्यात पत्ता देणे अवघड नाही. तो टिकविणे पुष्कळांस साधत नाही. सायंकाळी सारे सुरळीत, सकाळी यंत्र सुरू करावे तो पत्ता नाहीसा आणि मुले हाताची घडी घालून बसलेली, हा प्रकार आम्हां शिक्षकांस नवा नाही.

यंत्र ज्या दाराने जाळ्याशी बोलते, त्यास इंटरफेस म्हणतात. पूर्वी त्याचे नाव ‘ईटीएच०’ असे सुटसुटीत असे. २०१३ पासून कार्डाच्या जागेवरून ‘ईएनपी३एस०’ अशी नावे पडू लागली. कानाला ती कडूच! परंतु दोन कार्डे असली, तरी सुरू होताना त्यांची अदलाबदल होत नाही.

‘आयपी’ या आज्ञेने दिलेला पत्ता, समजा १९२.१६८.१.१०/२४, केवळ चालू स्मृतीत राहतो. (यातील २४ म्हणजे पहिले २४ बिट जाळ्याचे, उरलेले ८ यंत्राचे.) यंत्र बंद होताच तो फळ्यावरील खडूप्रमाणे पुसला जातो. कायम हवा, तर फायलीत लिहावा लागतो: डेबियनमध्ये परंपरेने ‘इंटरफेसेस’ नावाच्या, उबुंटूत २०१७ पासून नेटप्लॅनच्या. नेटप्लॅन समासाबाबत मोठा काटेकोर आहे. ओळी आत सरकविताना तेथे स्पेसच लागते, टॅब चालत नाही.

यंत्र दूरगावी असेल, तर ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा द्यावी. १२० सेकंदांत आपण होकार दिला नाही, तर ती जुनी व्यवस्था परत आणते. पत्ता चुकून दार बंद झाले, तरी तेथवर जाण्याचे गाडीभाडे वाचते.