थेंबभर रंग

रस्त्यावरचा खडा उडून मोटारीवर आदळतो आणि रंगाचा लहानसा टवका निघतो. मुलांनो, रंग केवळ शोभेसाठी नसतो. तो लोखंडी पत्र्याचे रक्षण करतो. उघड्या पत्र्याला पाणी व हवा लागली की गंज चढतो. तो आजूबाजूच्या रंगाखालीही पसरतो.

म्हणून ती जागा आधी धुऊन कोरडी करा. गंज असल्यास बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून काढा. उघड्या पत्र्यावर प्रथम प्रायमर लावा. तो वाळल्यावर मोटारीच्या रंगक्रमांकाचाच रंग बारीक कुंचल्याने लावा. एकच जाड थर देऊ नका, तो ओघळतो. पातळ थर द्या, वाळू द्या, मग दुसरा द्या. शेवटी पारदर्शक लॅकर लावा. हे काम सावलीत करा.

वेळीच लावलेला थेंबभर रंग पुढचा मोठा खर्च वाचवतो.