पापणीच्या ऑपरेशनला होकार देण्यापूर्वी

डोळ्याचे ऑपरेशन म्हटले की आपल्या लोकांना फक्त मोतीबिंदू आठवतो. पापणीचेही ऑपरेशन असते हे वस्त्यांमध्ये फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ज्यांना ठाऊक असते ते म्हणतात, हे श्रीमंतांचे चोचले. नट्यांनी डोळे मोठे दिसावेत म्हणून करून घ्यायचे काम. ही समजूत अर्धी खरी आहे आणि अर्धी खोटी. त्या खोट्या अर्ध्या भागापायी आपल्या घरातल्या एखाद्या लेकराची नजर कायमची अधू होऊ शकते. म्हणून या विषयावर आज सविस्तर लिहीत आहोत.

समाजकार्याच्या निमित्ताने रुग्णांबरोबर सरकारी इस्पितळात जाऊन केसपेपर काढण्याचा आणि रांगेत उभे राहण्याचा प्रसंग आम्हाला नेहमी येतो. तेथे दोन प्रकारची माणसे भेटतात. जे ऑपरेशन लहानपणीच व्हायला हवे होते त्यासाठी पंधरा वर्षे उशिरा आलेली, आणि ज्याची गरजच नव्हती त्यासाठी बाहेर कर्ज काढून बसलेली. दोघांनाही वेळेवर कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

पापणी कशासाठी असते?

पापणी ही डोळ्याची नुसती शोभा नाही. ती धूळ अडवते, उघडझाप करून डोळ्यावर पाणी पसरवते आणि झोपेत डोळा झाकून ठेवते. वरची पापणी उचलायला आत एक पातळ स्नायू असतो. तो दुबळा असला तर पापणी खाली पडते. उलट पापणी नीट मिटली नाही तर डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते. म्हणून पापणीचे ऑपरेशन हे डोळ्याचेच ऑपरेशन समजावे. ब्यूटी पार्लरमध्ये होणारे ते काम नव्हे.

लहान मुलाची पडलेली पापणी

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलीची डावी पापणी जन्मापासून खाली होती. आजी म्हणे, पोरगी झोपाळू आहे, मोठेपणी उघडेल. कोणी सांगितले, आईने ग्रहण पाळले नाही. कोणी दृष्ट काढली. मुलगी अठरा वर्षांची झाली, स्थळे येऊ लागली, तेव्हा कोठे दवाखाना आठवला. ऑपरेशन चांगले झाले. दोन्ही डोळे सारखे दिसू लागले. पण डावा डोळा उघडा असूनही त्याने फळ्यावरची अक्षरे वाचता येईनात.

असे का झाले? पाहायला शिकणे हे मेंदूचे काम आहे आणि ते शिक्षण जन्मापासून साधारण सात-आठ वर्षांपर्यंत चालते. त्या काळात पापणीने डोळ्याची बाहुली झाकली किंवा पापणीच्या दाबाने चष्म्याचा तिरपा नंबर आला, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. याला डॉक्टर 'आळशी डोळा' म्हणतात. ते वय निघून गेले की पापणी उचलूनही नजर पूर्णपणे परत येणे कठीण असते.

म्हणून आई-वडिलांनी पाहावे : एका डोळ्याची फट लहान आहे काय, मूल हनुवटी वर करून पाहते काय, सारख्या भुवया चढवते काय. तसे असेल तर बाळ कितीही लहान असो, नेत्रतज्ज्ञाला दाखवा. ऑपरेशन लगेच होईलच असे नाही. बाहुली झाकली जात असेल तर डॉक्टर लवकर करतात. नसेल तर बहुधा तीन ते पाच वर्षांच्या वयात करतात आणि तोवर नजर तपासत राहतात. चष्मा लागला किंवा चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितले तर कंटाळा करू नका. ऑपरेशनइतकेच तेही महत्त्वाचे आहे.

स्नायूत थोडे बळ असेल तर तो आखूड करून बसवतात. अगदीच बळ नसेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला सिलिकॉनच्या दोरीने किंवा मांडीतून काढलेल्या पट्टीने जोडतात. अशा मुलाचा डोळा पुढे झोपेत थोडा उघडा राहतो, त्यामुळे रात्री मलम घालावे लागते. काही वर्षांनी पापणी पुन्हा उतरली तर दुसऱ्यांदा ऑपरेशन करावे लागते. हे आधीच समजून घेतले म्हणजे नंतर 'डॉक्टरने फसवले' असे वाटत नाही.

मोठ्या माणसांचे आजार

वयानुसार पापणीची कड आत वळते आणि केस बुबुळाला घासतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया ते केस चिमट्याने उपटून घेतात. चार दिवस बरे वाटते, मग केस पुन्हा उगवतात आणि बुबुळावर पांढरा डाग पडतो. पूर्वी खुपऱ्यांच्या रोगाने असे फार होई. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तो रोग भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. पण जुन्या रुग्णांचे आत वळलेले केस आजही आहेत, आणि त्यावर ऑपरेशन हाच टिकाऊ उपाय आहे.

पापणीत न दुखणारी गाठ आली तर आधी स्वच्छ कपड्याने कोमट शेक द्यावा, दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटे. काही आठवड्यांत गेली नाही तर भूल देऊन पापणीच्या आतल्या बाजूने छोटी चीर घेऊन ती काढतात. मात्र उतारवयात एकाच जागी गाठ पुन्हा पुन्हा येत असेल किंवा तेथले केस गळत असतील, तर काढलेला तुकडा तपासणीला पाठवा असे आपण होऊन सांगावे. क्वचित तो कर्करोग असतो.

काहींची पापणीवरची कातडी सैल होऊन डोळ्यावर लोंबते आणि वरचे, बाजूचे दिसत नाही. रस्ता ओलांडणाऱ्याला किंवा गाडी चालवणाऱ्याला हा धोकाच आहे. तेथे ऑपरेशन गरजेचे ठरते. हे गरजेपोटी आहे हे दाखवायला नजरेच्या कक्षेची तपासणी करतात. तो कागद जपून ठेवावा, विम्याच्या कामी येतो.

येथे ऑपरेशनची घाई नको

सकाळी डोळा उघडा आणि संध्याकाळी पापणी पडते, एकाचे दोन दिसते, असे असेल तर तो स्नायूंचा वेगळा आजार असू शकतो. त्यावर आधी औषध लागते. आणि चांगल्या माणसाची पापणी एकाएकी पडली, सोबत जोराचे डोके दुखते, दोन-दोन दिसते किंवा एक बाहुली मोठी दिसते, तर पापणीचा विचार बाजूला ठेवून त्याच क्षणी मोठे इस्पितळ गाठा. हा मेंदूतील रक्तवाहिनीचा आजार असू शकतो.

नुसत्या रूपासाठी असेल तर

रूपासाठी ऑपरेशन करणे हा काही गुन्हा नाही. ज्याचा पैसा, त्याची मर्जी. पण बिनटाक्याचे, अर्ध्या तासात, हप्त्याने, अशा जाहिराती पाहून व्याजाने पैसे काढणाऱ्यांनी थोडे थांबावे. डोळ्याखालची सूज अपुऱ्या झोपेची किंवा मूत्रपिंडाच्या वा थायरॉइडच्या आजाराचीही असू शकते. कातडी जास्त कापली गेली तर डोळा मिटत नाही, आणि ती चूक सुधारणे अवघड असते. शिवाय मुलीच्या डोळ्याकडे येणाऱ्या स्थळाच्या नजरेने पाहणे आपण सोडले पाहिजे. तिला दिसते किती हे आधी पाहावे. ती दिसते कशी हा प्रश्न मग.

होकार देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

केसमुत्तच्या कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या असे सांगितले. डॉक्टरांपुढेही तसेच वागावे, नम्रपणे पण न घाबरता. प्रश्न वहीत लिहून न्यावेत :

१) माझा नेमका आजार काय? ऑपरेशन केले नाही तर काय होईल?

२) ऑपरेशन कोण करणार? नेत्रतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असून त्यांना पापणीच्या कामाचा अनुभव आहे काय? महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंद आहे काय?

३) भूल कोणती? मोठ्यांना बहुधा जागेपुरतीच भूल देतात, कारण डोळा उघड-मीट करून उंची पाहावी लागते. मुलांना पूर्ण भूल देतात, म्हणून आधी किती तास उपाशी ठेवायचे ते नीट विचारावे आणि तंतोतंत पाळावे. लाडाने दूध-बिस्किट देऊ नये.

४) डोळ्यात पाणी पुरेसे आहे काय? कोरड्या डोळ्याची तपासणी आधी व्हावी.

५) एकूण खर्च किती, त्यात औषधे, चष्मा आणि पुन्हा ऑपरेशन लागल्यास ते धरले आहे काय? आकडा कागदावर घ्यावा. बुडणारी रोजीही त्यात मिळवावी.

मधुमेह, रक्तदाब, दमा लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. वैदूचा काढा घेत असाल तर तेही सांगा. संमतिपत्र मराठीत मागा, वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शिकल्या-सवरल्या माणसाला बरोबर न्या. अंगठा देण्याआधी समजून घेणे हा तुमचा हक्क आहे.

घरी आल्यावर

पहिले दोन दिवस बर्फाच्या पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने थंड शेक आणि डोक्याखाली दोन उशा. काळे-निळे डाग आणि सूज एक-दोन आठवडे राहते. टाके साधारण आठवड्याभरात काढतात. पापणीचा खरा आकार दोन-तीन महिन्यांनी कळतो. तोवर आरशापुढे रडू नये. ओझे उचलणे, वाकून काम, चुलीचा धूर, काजळ, डोळे चोळणे बंद. बांधकामावर किंवा झाडूकामावर असलेल्यांनी रजेचा दाखला आधीच मागून घ्यावा. फार दुखू लागले, डोळा पुढे आला, अंधुक दिसले किंवा रक्त थांबेना, तर मध्यरात्र असली तरी इस्पितळात जावे. डोळ्याच्या मागे रक्त साचले तर उशिराने नजर जाते.

पैशाचे काय?

येथेच आपले लोक हात टेकतात. पण वाटा आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येते. त्याला मुलाची पापणी मुद्दाम दाखवा, पुढच्या उपचाराची चिठ्ठी तेथून मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपले ऑपरेशन यादीत आहे काय ते त्याला विचारा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड जवळ ठेवा.

कामगार विम्याचे कार्ड असेल तर ते पेटीत ठेवू नका. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, प्रा. अदारकरांकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सोपवली गेली. १९४४ ला अहवाल आला आणि १९४८ ला कायदा झाला. तो हक्क न वापरता सावकाराकडे जाणे बरे नव्हे.

बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी विहारात वंदना झाली की जमलेल्या मुलांचे चेहरे एकदा नीट पाहा. एखाद्याची पापणी खाली दिसली तर त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगा आणि सोमवारी सकाळी तिच्याबरोबर केसपेपर काढायला जा. तिची एक दिवसाची रोजी बुडेल, तुमचीही बुडेल. पण त्या लेकराचा डोळा वाचेल. जयभीम.