मी धरून बसतो ना

सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जेथून महाराष्ट्राची सरहद्द अगदी जवळ आहे अशा ठिकाणी दरसाल डिसेंबरच्या उत्तरार्धात बहिरमची यात्रा भरते. आणि इतर गावांच्या यात्रा तीन-चार दिवसांत आटोपत असताना ही मात्र महिनाभर, किंबहुना त्याहूनही अधिक काळ चालत असल्यामुळे, पाळणेवाले येथे अन्यत्र दिसते ती घाई न करता, पायाखालचे लाकडी ठोकळे पुनःपुन्हा तपासून, सावकाशीने आपली यंत्रे उभी करतात. हंडीतले मटण, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वृद्धांच्या बोलण्यात अद्यापि निघणाऱ्या तमाशाच्या फडांच्या गोष्टी यांविषयी वऱ्हाडात पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. मला मात्र या यात्रेत, तसेच अमरावतीच्या सायन्सकोर मैदानावर आणि अकोल्यात क्रिकेट क्लबच्या मैदानावर लागणाऱ्या मेळ्यांतही, एका निराळ्याच कामाने खिळवून ठेवले आहे. ते काम म्हणजे झुल्याच्या जिन्यापाशी उभे राहून, तिकीट हातात घेऊन आलेल्या बापाला, त्याच्या लेकरासमक्ष, नाही म्हणणे.

या कामाची साधनसामग्री अत्यल्प. मुंबईस गोराईला 1989 साली निघालेले एस्सेलवर्ल्ड किंवा खोपोलीजवळ 2013 साली सुरू झालेले इमॅजिका यांसारख्या मोठ्या उद्यानांचा थाट म्हणजे छापील फलक, गणवेशातील सेवक आणि लेखी नियमावली. मेळ्यात या साऱ्याच्या ऐवजी लोखंडी खांबावर ऑइलपेंटने ओढलेला एक तांबडा पट्टा आणि त्याच्या शेजारी उभा असलेला वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा, एवढाच सरंजाम असतो. मी पाहिलेल्या ब्रेकडान्स नावाच्या गरगरत्या झुल्याच्या खांबावर हा पट्टा चार फुटांवर, म्हणजे सुमारे 122 सेंटीमीटरांवर होता. मुलगा आधी लेकराच्या पायांकडे पाहतो, मग डोक्याकडे. कारण टाचा उचललेल्या आहेत काय, बुटाचा तळ किती जाड आहे, याचा निकाल प्रथम लागावा लागतो. त्यानंतर थंडीची माकडटोपी काढावयास सांगून, मुलीचा डोक्याच्या मध्यभागी बांधलेला अंबाडा हलकेच दाबून, तो आपला तळहात टाळूवर आडवा ठेवतो आणि तसाच, न कलू देता, खांबापर्यंत सरकवीत नेतो. त्या वेळी बापाची नजर पट्ट्यावर नसते, त्या तळहातावर असते. बोटभर कमी भरले की पहिला आक्षेप ठरलेला: हात खाली दाबला.

पुढचे वाक्यही बहुधा ठरलेलेच असते. "मी धरून बसतो ना त्याले." हे वाक्य मी इतक्या स्वरांत ऐकले आहे, विनवणीच्या, रुबाबाच्या, त्राग्याच्या, क्वचित धमकीच्याही, की त्याच्या आत काय आहे ते एकदा नीट उकलून पाहणे मला अगत्याचे वाटू लागले, कारण लेकराच्या रक्षणाची जी हमी बाप आपल्या देहाने देऊ पाहतो, तिला त्या यंत्रात बाध येतो तो नेमका त्याच्या देहामुळेच.

ब्रेकडान्सच्या एका डब्यात दोघे शेजारी शेजारी बसतात आणि दोघांच्या मांड्यांवर मिळून एकच दांडी येते. ही दांडी खाली ओढली की दोघांपैकी ज्याची मांडी अथवा पोट अधिक वर, त्याला टेकून ती थांबते. दोन सारख्या बांध्याची माणसे असली तर ती दोघांनाही सारखीच आवळते. परंतु एका बाजूस चाळिशीचा, भरल्या अंगाचा बाप आणि दुसऱ्या बाजूस सहा वर्षांचे किडकिडीत लेकरू असले म्हणजे ती बापाच्या पोटावर अडते आणि लेकराच्या मांडीवर चांगली वीतभर पोकळी राहते. खालची तबकडी एका दिशेने फिरते, तिच्यावरचे चार-चार डब्यांचे गट उलट दिशेने फिरतात, आणि प्रत्येक डबा स्वतःभोवती गिरक्या घेतो तो निराळाच. या तिन्ही गतींच्या संयोगाने जो झटका बसतो त्याची दिशा आगाऊ सांगता येत नाही. मोठा माणूस अशा वेळी नकळत पाय फळीला रोवतो. लेकराचे पाय फळीपर्यंत पोहोचतच नाहीत, ते सीटवरून घसरते, आणि दांडीने जिथे कमरेचे हाड अडवावयाचे तिथे तर पोकळी आहे. बापाचा हात त्या क्षणी काय करील? झटका त्यालाही तेवढाच बसलेला असतो, आणि सत्तर-ऐंशी किलोचा तो देह आतल्या बाजूस बसला असेल तर बाहेरच्या बाजूच्या लेकरावरच जाऊन आदळतो. म्हणूनच जाणते ऑपरेटर जड माणसाला नेहमी बाहेरच्या अंगाला बसवतात. उंचीचा पट्टा पोराचे धैर्य मोजीत नाही, आईबापांची ऐपत मोजीत नाही, वयदेखील मोजीत नाही. दांडी हाडाला लागेल काय आणि पाय फळीला टेकतील काय, एवढ्या दोन प्रश्नांचे ते एक ढोबळ उत्तर आहे.

हे सारे एका ऑपरेटरने एकदा प्रत्यक्ष करून दाखविताना मी पाहिले. फार हुज्जत घालणाऱ्या एका गृहस्थास त्याने रिकाम्या डब्यात बसविले, शेजारी त्याच्या मुलाला बसविले, दांडी खाली ओढली, आणि दांडी व पोराची मांडी यांच्यामधून आपला अख्खा हात कोपरापर्यंत आरपार घातला. एक शब्द बोलला नाही. गृहस्थ थोडा वेळ त्या हाताकडे पाहत राहिले, मग आपल्या पोटाकडे, आणि मुलाला घेऊन खाली उतरले. असे प्रत्येकाला दाखविता आले तर निम्मी भांडणे मिटतील. पण एक फेरी तीन-चार मिनिटांची, खाली रांग खोळंबलेली, आणि मालकाची नजर घड्याळावर, तेव्हा शास्त्रार्थास सवड कुठली?

बापांचा घोटाळा वाढवितो तो आकाशपाळणा. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने 264 फूट उंचीचे जे अजस्र चक्र उभारले, त्याला बंद डबे होते. आमच्या जत्रेतील पाळणे उघडे असतात, परंतु चक्र फिरते ते मंद गतीने, त्यामुळे तेथे बाहेर फेकले जाण्याचे भय अल्प आणि लेकरू मध्येच उठून उभे राहण्याचे किंवा वाकून खाली पाहण्याचे भय अधिक. अर्थात तेथे शेजारी धरून बसणारे वडील माणूस हवेच असते. एकट्या लहानग्यास बसू देत नाहीत, आईबापांसोबत देतात. तीच मंडळी वरून अर्धे शहर पाहून खाली उतरतात, वीस पावले चालून ब्रेकडान्सपाशी येतात आणि विचारतात, "तिथं बसू देलं, अन् इथं काहून नाही गा?" प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. एका यंत्रात जो बाप उपयोगाचा ठरला तो दुसऱ्यात अडचणीचा ठरतो, हे कोणी त्याला सांगितलेलेच नसते. कोलंबस नावाच्या झुलत्या जहाजात आणखी तिसरा न्याय: लहान चणीच्यांना मधल्या ओळींत बसवितात आणि दोन्ही टोके दांडग्यांसाठी राखतात, कारण पोटात खड्डा पडतो तो टोकांना.

वयाच्या बाबतीत वऱ्हाडी माणूस मोठा लवचिक आहे. एसटीत पाच वर्षांखालील लेकरास तिकीट नाही आणि पाच ते बारापर्यंत अर्धे, हे ज्ञात असल्यामुळे जे पोट्टं परतवाड्याहून येताना साडेचार वर्षांचे होते ते ब्रेकडान्सच्या जिन्याशी पोहोचेतो "आठ पुरे झाले, नववं लागलं" असे होते. कोणी म्हणतो, "पैसे देऊन रायलो ना, फुकट नाही बसत." कोणी म्हणतो, "मायं पोट्टं भेत नाही." एकाने तर हे मूल मागल्या साली याच झुल्यात बसले होते असा दाखला दिला, मागल्या साली ते याहूनही बुटके असणार, हे त्याच्या ध्यानात आले नाही, आणि ऑपरेटरने आणून दिले नाही. ठाणेदारांना फोन लावण्याची भाषाही निघते. स्त्रियांची तक्रार, माझ्या पाहण्यात, नियमाविषयी क्वचितच असते. ती समतेविषयी असते. आताच गेलेले ते निळ्या शर्टाचे पोर आपल्याहून ठेंगणे होते, मग त्याला कसे सोडले? या प्रश्नापुढे ऑपरेटर खरोखर निरुत्तर होतो, कारण गर्दीच्या वेळी कोणीतरी सुटलेले असतेच.

जिन्यावरच्या या मुलांपैकी बरेच जण उत्तरेकडून आलेले. मराठी मोडकी, पण नकाराची रीत मात्र मुरलेली. लेकरू लहान आहे असे त्यांतला चतुर माणूस कदापि म्हणत नाही. "सीट बडी है, दादा" असे म्हणतो. मापाचा दोष तो सीटवर ढकलतो, निर्णयाचा पट्ट्यावर, आणि स्वतःकडे काहीच ठेवीत नाही. बापाशी बोलणे वाढू लागले की तो उकिडवा बसून पोराशीच बोलू लागतो, आणि तेवढ्यात मागच्या माणसाचे तिकीट घेऊन रांग पुढे सरकवितो. पोरे, खरे सांगावयाचे तर, पुष्कळदा सुटल्यासारखी दिसतात. बाप हक्कासाठी भांडत असताना त्याच्या मागे आईचा पदर धरून उभे असलेले लेकरू त्या गरगरणाऱ्या डब्यांकडे ज्या नजरेने पाहते, तीत अभिलाषा फारशी नसते.

एका ठिकाणी मात्र हा पट्टा मला सलतो. याच अमरावती जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातले तालुके आहेत, जेथे अंगणवाडीची सेविका लेकराला पट्टीशी उभे करून त्याची उंची नोंदविते आणि ती वाढावी म्हणून साऱ्या यंत्रणेचा जीव टांगणीस लागलेला असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत. तेव्हा बहिरमच्या यात्रेत खरोखरच नऊ वर्षांचे पोर पट्ट्याखाली भरते आणि त्याचा बाप वय सांगताना यत्किंचितही खोटे बोलत नसतो, असेही घडते. त्या पोराला पहिला अन्याय दुसऱ्याच कोणी, फार पूर्वी केलेला असतो; पण दांडीला त्याची दाद नाही, आणि ऑपरेटरलाही ती घेता येत नाही. उंचीचा पट्टा मोठेपणीही आडवा येतो: पोलीस भरतीत पुरुषांना 165 सेंटीमीटर उंची लागते. अर्ध्या सेंटीमीटरने मैदानाबाहेर निघालेले तरुण वऱ्हाडात गावोगाव आहेत, आणि त्यांतलाच एखादा आज बाप होऊन या जिन्याशी उभा असला तर त्याचा संताप निव्वळ तिकिटाच्या पैशांचा नसतो, हे समजून घेतले पाहिजे.

कायद्याची व्यवस्था पाहू जावे तर कागदांची वाण नाही. सार्वजनिक करमणुकीच्या जागेस 1951 च्या पोलीस अधिनियमाखाली परवाना हवा, विजेच्या जोडणीस विद्युत निरीक्षकाचा दाखला हवा. 1923 च्या कायद्याने बसविलेला करमणूक कर 2017 साली वस्तू व सेवा करात विलीन होईपर्यंत तिकिटांचा हिशेब तपासणारा निरीक्षकही असे. तिकिटे मोजण्यास सरकारने माणूस नेमला, उंची मोजण्यास मालकाने नेमला, आणि अपघात झाला तर जबाबदारी कोणावर येते ते अहमदाबादेस दिसले. 14 जुलै 2019 रोजी तेथे कांकरिया तलावाकाठचा झुलता पाळणा तुटून दोघे मृत्युमुखी पडले आणि वीसहून अधिक जखमी झाले. तो दोष यंत्राचा होता, उंचीशी त्याचा संबंध नव्हता. तथापि पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत संचालकांच्या जोडीने यंत्र चालविणारे आणि त्यांचा मदतनीसही होते. जिन्यावरच्या मुलांना हे नीट ठाऊक आहे. त्यांच्यापैकी एकजण मला म्हणाला, की शिवी खाल्ली तर रात्रीपर्यंत विसरता येते.

माझ्या मते चूक जिन्यावर नाहीच, ती तिकिटाच्या खिडकीवर आहे. तेथे उंची न पाहता पैसे घेतले जातात, आणि एकदा तिकीट हाती पडले की माणसाला आपला हक्क सिद्ध झाल्यासारखा वाटतो. मग वीस मिनिटे रांगेत तिष्ठून जिन्याशी पोहोचल्यावर जो नकार मिळतो तो त्याला नियम न वाटता फसवणूक वाटते. पैसे परत मागावयास पुन्हा खिडकीकडे जावे तर तेथे वेगळी रांग. अकोल्याच्या मेळ्यात एका मालकाने हे ओळखून खिडकीच्या चौकटीलाच तांबडा पट्टा ओढून घेतला होता, आणि आतला म्हातारा कारकून पैसे हातात घेण्यापूर्वी चष्मा वर करून लेकराला चौकटीशी उभे राहावयास सांगत असे. भांडणे तिथेही होत; पण ती खिशातून नोट बाहेर येण्याआधीची असल्यामुळे लवकर निवत. माझ्यासमोर एक बाई आपल्या दोन मुलींना घेऊन आली, धाकटी पट्ट्याच्या बरीच खाली भरली, थोरली बोटभर वर. बाईने क्षणभर हिशेब केला, थोरलीला एकटीला पाठवावयाचे नाही, दोघींना लहानग्यांच्या झुल्यातच बसवावयाचे असे ठरविले, आणि नोट आत सरकवीत म्हणाली, "मंग ड्रॅगनचेच दोन द्या, काकाजी."