आभासी यंत्रातील फर्मवेअरचे कालमापन

आभासी यंत्रातील फर्मवेअरचे कालमापन म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणाऱ्या बायोस, यूईएफआय यांसारख्या आरंभिक आज्ञावलींनी कालावधी मोजण्याची व दिनांक-वेळ ठरवण्याची पद्धत. खऱ्या संगणकात फर्मवेअर प्रोसेसरचा एकमेव वापरकर्ता असते. आभासी यंत्रात मात्र प्रोसेसरचा वेळ हायपरव्हायजर ही नियंत्रक आज्ञावली अनेक यंत्रांमध्ये वाटून देते. त्यामुळे फर्मवेअरला न कळता ते काही काळ थांबवले जाऊ शकते. या थांब्यात बाहेरचा काळ चालूच राहतो. म्हणून स्वतः किती काम केले यावरून किती वेळ गेला हे ठरवणे आभासी यंत्रात विश्वासार्ह ठरत नाही.

पार्श्वभूमी

फर्मवेअरला वेळ दोन कारणांसाठी लागते. पहिले कारण म्हणजे कालावधी. एखाद्या उपकरणाला आज्ञा दिल्यावर ते तयार होईपर्यंत ठरावीक मायक्रोसेकंद थांबावे लागते. यूईएफआयमध्ये यासाठी 'स्टॉल' ही सेवा आहे. दुसरे कारण म्हणजे दिनांक व घड्याळी वेळ. ती 'गेटटाइम' या सेवेद्वारे कार्यप्रणालीला मिळते. पहिल्यात चूक झाली, तर उपकरण तयार होण्याआधीच वापरले जाते किंवा यंत्र सुरू होण्यास विनाकारण उशीर लागतो. दुसऱ्यात चूक झाली, तर नोंदींचे कालांक चुकतात आणि वैध डिजिटल प्रमाणपत्रे मुदतबाह्य किंवा अद्याप लागू न झालेली भासतात.

घड्याळाचे स्रोत

एक्स८६ प्रकारच्या संगणकात वेळ मोजण्याची अनेक साधने आहेत आणि हायपरव्हायजर त्यांची नक्कल आभासी यंत्राला पुरवतो.

- प्रोग्रॅमेबल इंटरव्हल टायमर : वारंवारता सुमारे १.१९३१८२ मेगाहर्ट्झ. जुन्या बायोसमध्ये यास ६५,५३६ ने भागून सेकंदाला सुमारे १८.२ ठोके मिळतात.
- रिअल टाइम क्लॉक : ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकावर चालणारे, दिनांक व वेळ राखणारे घड्याळ. वेळ सेकंदापर्यंतच मिळते.
- एसीपीआय टायमर : वारंवारता ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ. याचा गणक २४ बिटांचा असल्यास सुमारे ४.७ सेकंदांनी तो पुन्हा शून्यावर येतो.
- टाइम स्टॅम्प काउंटर (टीएससी) : प्रोसेसरमधील ६४ बिटांचा गणक. वाचण्यास सर्वांत जलद, पण त्याची वारंवारता प्रत्येक प्रोसेसरला वेगळी असते.

आर्म प्रकारच्या प्रोसेसरमध्ये सामायिक 'जेनेरिक टायमर' असून त्याची वारंवारता एका नोंदवहीतून थेट वाचता येते. त्यामुळे तेथे मापनाचा प्रश्न तुलनेने सोपा होतो.

चुकांचे प्रकार

कालमापनातील चुका मुख्यतः तीन प्रकारच्या असतात : अंतर, दर आणि खंड.

अंतराची चूक म्हणजे घड्याळ योग्य गतीने चालते, पण ठरावीक फरकाने पुढे किंवा मागे असते. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव सुमारे ७५° पूर्व रेखांशावर आहे, तर भारतीय प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखांशावर आधारलेली आहे. ७.५ अंशांच्या या फरकामुळे चाळीसगावची स्थानिक मध्यम सौरवेळ प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३० मिनिटांनी मागे असते. दोन्ही वेळा सारख्याच गतीने पुढे जातात, त्यामुळे ठरावीक बेरीज केली की फरक मिटतो.

दराची चूक म्हणजे घड्याळाची गतीच चुकीची धरलेली असणे. समजा, फर्मवेअरने टीएससीची वारंवारता २.४ गिगाहर्ट्झ मानली आहे आणि आभासी यंत्र ३ गिगाहर्ट्झच्या यजमान संगणकावर हलवले गेले. हायपरव्हायजरने गणकाचे प्रमाण जुळवून दिले नाही, तर एका तासात या यंत्राचे घड्याळ ७५ मिनिटे मोजते. एकदाच बेरीज-वजाबाकी करून ही चूक सुटत नाही, कारण फरक सतत वाढत जातो.

खंडाची चूक म्हणजे मोजणारा मध्येच थांबणे. चाळीसगावजवळ सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद असलेला इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणि' (इ.स. ११५०) या ग्रंथातील यंत्राध्यायात घटीयंत्राचे वर्णन येते. तळाशी छिद्र असलेले पात्र पाण्यावर ठेवतात. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, पूर्ण होते. भास्कराचार्यांची कन्या मानल्या गेलेल्या लीलावतीविषयीची आख्यायिका याच यंत्राशी निगडित आहे. तिच्या अलंकारातील मोती पात्रात पडून छिद्र बंद झाले आणि विवाहाचा मुहूर्त निघून गेल्यावरच ते लक्षात आले, असे त्यात सांगितले जाते. ही कथा फैजीने इ.स. १५८७ मध्ये केलेल्या 'लीलावती'च्या फारसी भाषांतरात आढळते. तिची ऐतिहासिकता सिद्ध नसली, तरी खंडाच्या चुकीचे ती नेमके उदाहरण आहे : पात्र थांबले, काळ थांबला नाही. आभासी यंत्र थांबवून काही तासांनी पुन्हा चालू केल्यास ठोके मोजणाऱ्या घड्याळाची हीच स्थिती होते.

वारंवारता मापनातील अडचण

टीएससीची वारंवारता अगोदर माहीत नसल्यास फर्मवेअर ती ज्ञात वारंवारतेच्या टायमरशी ताडून पाहते. एका मिलिसेकंदात एसीपीआय टायमर सुमारे ३,५८० ठोके पुढे जातो. तेवढ्या काळात ३ गिगाहर्ट्झचा टीएससी ३० लाख ठोके मोजतो.

आता मापनाच्या शेवटी एसीपीआय टायमर वाचून झाला आणि टीएससी वाचण्यापूर्वी हायपरव्हायजरने हे आभासी यंत्र एक मिलिसेकंद बाजूला ठेवले, असे समजू. टीएससीचे ठोके ६० लाख दिसतील आणि फर्मवेअर वारंवारता ६ गिगाहर्ट्झ धरेल. त्यानंतरचा प्रत्येक विलंब दुप्पट होईल. सुरुवातीला टायमर वाचल्यावर आणि टीएससी वाचण्याआधी असाच खंड पडला, तर ठोके कमी दिसतात, वारंवारता कमी धरली जाते आणि विलंब अपुरे पडतात. यजमान संगणकावर ताण असेल तेव्हाच हे घडत असल्यामुळे असा दोष पुन्हा घडवून तपासणे कठीण असते.

शिवाय नकली टायमर वाचताना नियंत्रण आभासी यंत्राकडून हायपरव्हायजरकडे जाऊन परत येते. त्यामुळे खऱ्या संगणकाच्या तुलनेत प्रत्येक वाचनास अधिक वेळ लागतो. यंत्र ४.७ सेकंदांपेक्षा अधिक काळ थांबल्यास २४ बिटांचा गणक एक पूर्ण फेरा मारून येतो व तो फेरा मोजणीतून निसटतो.

उपाय

१. वारंवारता विचारून घेणे. अनेक हायपरव्हायजर टीएससीची वारंवारता सीपीयूआयडी या प्रोसेसर-आज्ञेच्या उत्तरात देतात. ती उपलब्ध असल्यास मापनाची गरजच उरत नाही.

२. संशयास्पद मापन टाकून देणे. टायमर वाचण्यापूर्वी व वाचल्यानंतर टीएससी वाचतात. दोन वाचनांतील अंतर नेहमीपेक्षा मोठे असल्यास मध्ये खंड पडला असे समजून ते मापन रद्द करतात व पुन्हा घेतात.

३. सामायिक स्मृतीतील घड्याळ. केव्हीएममधील 'केव्हीएम-क्लॉक' या पद्धतीत हायपरव्हायजर स्मृतीच्या एका भागात आधारभूत वेळ, त्या क्षणीचा टीएससी आणि गुणक लिहून ठेवतो. हायपर-व्हीमध्येही अशीच सोय आहे. माहिती बदलत असताना केव्हीएम-क्लॉकमधील आवृत्ती क्रमांक विषम असतो. म्हणून वाचणाऱ्याने तो आधी व नंतर तपासावा लागतो. फर्मवेअरने ही सोय वापरली असल्यास कार्यप्रणालीकडे ताबा देण्यापूर्वी ती बंद करणे आवश्यक असते. अन्यथा कार्यप्रणालीने अन्य कामासाठी घेतलेल्या स्मृतीवर हायपरव्हायजर लिहीत राहतो.

४. ठोके मोजण्याऐवजी गणक वाचणे. खंडाच्या काळातील व्यत्यय-संदेश एकत्र होतात किंवा गळतात. म्हणून किती ठोके आले यापेक्षा न थांबणाऱ्या गणकाचे मूल्य काय आहे, हे पाहणे अधिक सुरक्षित ठरते.

भारतीय प्रमाणवेळ आणि घड्याळी वेळ

आभासी यंत्र सुरू होताना हायपरव्हायजर यजमानाची वेळ नकली रिअल टाइम क्लॉकमध्ये भरतो. ती जागतिक समन्वित वेळ आहे की स्थानिक वेळ, हे त्या घड्याळात नोंदलेले नसते. विंडोज सामान्यतः स्थानिक वेळ गृहीत धरते, तर लिनक्स बहुधा जागतिक समन्वित वेळ. हा मेळ न जमल्यास भारतात नेमकी साडेपाच तासांची चूक दिसते. यूईएफआयमध्ये कालविभाग नोंदवण्याची सोय आहे. तेथे जागतिक वेळेतून स्थानिक वेळ वजा करण्याचा संकेत असल्यामुळे भारतीय प्रमाणवेळेसाठी हे मूल्य उणे ३३० मिनिटे येते.

भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या साहाय्याने राखते. सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार डेटा सेंटर व अन्य सेवादात्यांनी आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी सुसंगत सर्व्हरशी जुळवणे अपेक्षित आहे. फर्मवेअर सामान्यतः अशा सर्व्हरशी स्वतः संपर्क साधत नाही. त्याला मिळणारी वेळ यजमानाइतकीच अचूक असते. त्यामुळे यजमानाचे घड्याळ चुकीचे असल्यास त्यावरील सर्व आभासी यंत्रे एकाच चुकीने सुरू होतात आणि परस्परांशी ताडून पाहिल्यास ती बरोबर भासतात.

मर्यादा

वरील उपाय योजूनही आभासी यंत्रातील फर्मवेअर विलंबाच्या कमाल मर्यादेची हमी देऊ शकत नाही. १० मायक्रोसेकंद थांबण्याची विनंती केल्यास किमान तेवढा काळ जाईल, एवढेच सांगता येते. त्यानंतर लगेच प्रोसेसर मिळेलच असे नाही. म्हणून ज्या उपकरणाला ठरावीक मुदतीच्या आत प्रतिसाद आवश्यक असतो, त्याचे काम आभासी यंत्रातील फर्मवेअरवर सोपवताना यजमानावरील प्रोसेसर त्या यंत्रासाठी राखून ठेवण्याची पद्धत वापरली जाते.